ब्याऐंशी पौंडांची पेशंट

शनिवारी दुपारी चार वाजता रेनो किनुनेननं सौनाची, म्हणजे अंगणातल्या वाफ घ्यायच्या लाकडी खोलीची, चूल पेटवली. पाचपर्यंत चुलीवरचे दगड चांगले तापले, लाकडी भिंतींना वास सुटला, आणि सव्वापाचला त्याची बायको मार्लीन आत येऊन वरच्या बाकावर बसली ती स्वेटर घालून.

"अगं मार्लीन, सौनात आहोत आपण."

"ठाऊक आहे."

"इथे लोक अंगावरचे कपडे काढून येतात."

"लोकांना उकडत असेल. मला गार वारं लागतंय. ते दार नीट लावलंयस ना?"

भिंतीवरच्या तापमापकाचा काटा शेवटच्या आकड्याला टेकला होता. रेनोच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाची धार लागली होती आणि शेजारी त्याची बायको हातमोजे कुठे ठेवले ते आठवत होती. अमेरिकेतल्या लेक सुपिरिअर सरोवराच्या काठच्या त्या गावात फिनलंडहून आलेल्यांची चौथी पिढी नांदत होती. त्या चार पिढ्यांत सौनात स्वेटर घालून कुणी बसलं नव्हतं.

मार्लीनची थायरॉइडची ग्रंथी आठ वर्षांपूर्वीच संपावर गेली होती. बाजारात मिळणारी गोळी घेतली की तिच्या अंगावर गांध्या उठायच्या. औषधाचा दोष नव्हता, गोळीत भर म्हणून जे पीठ घालतात ते तिला चालत नव्हतं. मग गावातल्या ऑर्विल बोद्रीनं तेच औषध त्या पिठाशिवाय, हातानं मापून, कॅप्सूलमध्ये भरून द्यायला सुरुवात केली. ऑर्विल हा शब्दाच्या जुन्या अर्थानं कंपाउंडर होता. खल-बत्ता, तराजू, चष्मा आणि तिरसट स्वभाव, सगळं जागच्या जागी. त्याच्या कॅप्सूलच्या जोरावर मार्लीन शाळेची पिवळी बस बर्फातून, धुक्यातून आणि चाळीस पोरांच्या कलकलाटातून बिनबोभाट चालवत होती.

सप्टेंबरात शाळेनं इन्शुरन्स कंपनी बदलली आणि घात झाला. नव्या कंपनीनं कळवलं, की खास बनवून घेतलेलं औषध आम्ही देत नाही, आधी बाजारातली गोळी घेऊन बघा. रेनोनं कळवलं, घेऊन बघितली, गांध्या उठल्या. कंपनी म्हणाली, पुरावा द्या. रेनोनं तेवीस पानं पाठवली. कंपनी म्हणाली, यात पुरावा आढळला नाही. असं तीनदा झालं. तिन्ही पत्रांच्या शेवटी कंपनीनं त्यांच्या संयमाबद्दल मनापासून आभार मानले होते.

"आपण पैसे टाकून घेऊ या गं," रेनो म्हणायचा.

"बावीस वर्षं पगारातून हप्ता कापतायत," मार्लीन म्हणायची. "आता पदरचे टाकले तर त्यांचंच खरं झालं. एक दमडी देणार नाही."

हे बोलायला तिला पूर्वी चार सेकंद लागायचे. आता मधे दोनदा थांबायला लागायचं, कारण बाईसाहेब शिल्लक कॅप्सूल पुरवून पुरवून घेत होत्या, एक दिवसाआड. रेनोला हे बाटलीतून कळलं, बायकोकडून नाही. ऑक्टोबरात एका सकाळी चौकातल्या थांब्याच्या पाटीपाशी बस उभी असताना तिला डुलकी लागली. मागून पोरांनी ओरडून उठवलं. मार्लीननं पोरं शाळेत सुखरूप सोडली आणि तशीच जाऊन बसच्या किल्ल्या साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. साहेब भला माणूस. त्यानं नाताळच्या सुट्टीपर्यंत रजा दिली. त्यानंतर मात्र जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागणार होती, आणि जागेबरोबर इन्शुरन्सही जाणार होता.

म्हणजे नोकरी टिकवायला औषध हवं, औषधाला इन्शुरन्स हवा आणि इन्शुरन्सला नोकरी हवी. रेनोनं लोखंडाच्या खाणीत पस्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती, पण असलं नुसतं गरागरा फिरणारं आणि काहीच न दळणारं यंत्र त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. बाटलीत एकोणीस कॅप्सूल उरल्या होत्या.

घरात थायरॉइडचा आणखी एक पेशंट होता. मेझी. काळी, दणकट लॅब्रडोर कुत्री. तिचीही ग्रंथी मंदावलेली, तिलाही नेहमीची गोळी सोसत नव्हती, आणि तिचंही औषध ऑर्विलच बनवायचा, फक्त ते काळजाच्या चवीचं. मुलीनं गेल्या नाताळात मेझीला इन्शुरन्सची पॉलिसी भेट दिली होती. तेव्हा रेनो पोट धरधरून हसला होता.

सोमवारी सकाळी रेनो दोन पाकिटं घेऊन ऑर्विलच्या दुकानातून बाहेर पडला. एकात मार्लीनची कागदपत्रं चौथ्यांदा, दुसऱ्यात मेझीची पहिल्यांदा. दोन्हीकडे ती फॅक्सनंच पाठवायची होती. कंपन्यांना ईमेल चालत नव्हता, टपाल चालत नव्हतं, फॅक्स मात्र चालायचा. गावात धड चालणारं फॅक्स मशीन एकच उरलं होतं, वांडाच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या पेट्यांमागे.

"पुन्हा आलास?" वांडा म्हणाली. "या मशीनमधून माझ्या पावत्यांपेक्षा तुझ्या बायकोच्या रक्ताचे रिपोर्ट जास्त गेलेत."

"बोलू नकोस. पानं लाव."

रेनोनं दोन्ही गठ्ठे गल्ल्यावर मांडले, वर आपापले फॉर्म ठेवले, आणि त्याच क्षणी बर्फ उकरायची फावडी न्यायला कुणीतरी दार सताड उघडून आत आलं. सरोवरावरून निघालेलं नोव्हेंबरचं वारं त्याच्याआधी आत शिरलं. पानं उडाली ती रंगाच्या डब्यांवर, दोरखंडांत, उंदरांच्या सापळ्यांत. रेनो आणि वांडा दोघं गुडघ्यांवर रांगत पानं गोळा करत फिरले. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ऑर्विलच्या दुकानाचं नाव आणि खाली 'किनुनेन, एम.' एवढंच. रेनोचा वाचायचा चष्मा गाडीत होता.

"ही जाड चळत कुणाची?" वांडानं विचारलं.

"जिचा आजार मोठा तिची," रेनो म्हणाला, आणि जाड चळतीवर मार्लीनचा फॉर्म ठेवला.

इथेच फसगत झाली. मेझीच्या डॉक्टरला, म्हणजे जनावरांच्या डॉ. लिंडालला, सविस्तर लिहायची हौस होती. त्याची एकतीस पानं होती.

बुधवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजात नुसती साखर.

"किनुनेन काका ना? मी मेझीच्या पॉलिसीबद्दल बोलतेय. आधी सांगा, कशी आहे आमची लाडकी?"

"बरी आहे. सोफ्यावर लोळतेय."

"अय्या! बरं, इथे लिहिलंय, की हल्ली थकव्यामुळे तिला गाडी चालवणं जमत नाही."

रेनोनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"काय?"

"काम, शाळेची बस चालवणे. म्हणजे ती मुलांसोबत बसमध्ये असते का? कित्ती गोड! आणि वय एकोणसाठ. हे कुत्र्याच्या हिशेबानं की माणसाच्या?"

दुसरं पाकीट कुठे गेलं असणार हे रेनोच्या ध्यानात आलं. "माणसाच्या," तो कसाबसा म्हणाला.

"मग सातानं भागलं की झालीच की साडेआठ वर्षं. बसतंय अगदी. केस गळतात, सतत थंडी वाजते, नवऱ्यावर खेकसते. घरात दुसरा नर आहे का?"

"आहे एक."

"त्याची पॉलिसी काढलीय?"

"त्याला सरकारी आहे," रेनो म्हणाला.

मुलगी खळखळून हसली आणि मेझीचं औषध जागच्या जागी मंजूर करून मोकळी झाली. एका फोनमध्ये. तीन महिने जे बाईमाणसाला मिळालं नव्हतं ते कुत्रीला अडीच मिनिटांत मिळालं. पण रेनोला संतापायला सवड नव्हती. त्यानं टोपी डोक्यात घातली आणि गाडी थेट डॉ. लिंडालच्या दवाखान्याकडे हाणली.

लिंडाल दारातच हात धूत होता. "बरं झालं आलास," तो खुशीत म्हणाला. "तुझ्या इन्शुरन्सवाल्या डॉक्टरबाईंचा काल फोन होता. मी गोठ्यात होतो, खांद्यापर्यंत हात गाईच्या आत. पण म्हटलं, मेझीचं काम आहे, थांबायचं नाही. गोठेवाल्यानं फोन कानाला धरला आणि मी सगळं सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?" रेनोनं दाराची चौकट धरली.

"जे आहे ते. बाईंनी विचारलं, पेशंट नेहमीच्या गोळ्या घ्यायची का? म्हटलं, घेतेय कसली! चीजमध्ये दडवून दिली तर चीज गिळून गोळी थुंकते. जबरदस्तीनं घातली तर गालिच्यावर ओकते. वजन विचारलं, मी म्हटलं ब्याऐंशी पौंड. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, जेवण जातं का? म्हटलं, हो तर! गेल्या आठवड्यात मोजा खाल्ला."

"लिंडाल!"

"खाल्ला ना? तुझाच होता. बाई म्हणाल्या, घरच्यांना ठाऊक आहे? म्हटलं, रेनोच तर दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून दाखवायला घेऊन आला. मग विचारलं, तिची देखभाल नीट होते ना? म्हटलं, उत्तम. हिवाळ्यात घरात असते, उन्हाळ्यात अंगणात बांधतात, पण दोरी चांगली लांब आहे." लिंडालनं टॉवेल खांद्यावर टाकला. "फार कनवाळू बाई वाटल्या. आवाज भरून आला होता त्यांचा. म्हणाल्या, मी आत्ताच्या आत्ता मंजूर करते."

रेनो मटकन बाकावर बसला. शेजारी एक म्हातारी बाई मांजर घेऊन बसली होती. तिनं मांजर जरा बाजूला सरकवलं.

घरी परतताना त्याच्या डोक्यात दोन रेनो भांडत होते. एक म्हणत होता, मंजूर झालं ना, मग मूग गिळून बस. दुसरा म्हणत होता, हे उघडकीला आलं तर कंपनी फसवणुकीचा ठपका ठेवेल, पॉलिसी रद्द करेल, आणि मार्लीन तुला कुत्र्याच्या दोरीनं अंगणात बांधेल. गाडी फाटकात शिरेपर्यंत पहिला रेनो जिंकत आला होता. पण घरात पाऊल टाकलं आणि ऑर्विलचा फोन आला.

"मार्लीनची मंजुरी आली," ऑर्विल गुरगुरला. "पण मी हे औषध देणार नाही."

"का?"

"एक तर काळजाच्या चवीचं लिहिलंय. ते एक वेळ चालेल, आवड असते एकेकाची. पण डोस! एवढा डोस घेतला तर तुझी बायको बसशिवाय शाळेत पोचेल, आणि तिथून थेट स्मशानात. कुत्र्यांना लागतो एवढा, माणसांना नाही. आधी कंपनीकडून हे निस्तरून आण. तोवर एक कॅप्सूल हलणार नाही माझ्या दुकानातून."

मार्लीन स्वयंपाकघरात तीन स्वेटर आणि एक शाल पांघरून बसली होती. समोरची पास्टी, मटण-बटाट्याची भली मोठी करंजी, गार झाली होती, कारण पहिला घास घेऊन झाल्यावर दुसरा घ्यायचा असतो हे तिच्या ध्यानातून गेलं होतं. मेझी तिच्या पायांवर झोपली होती. रेनो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. वारं, पानं, मोजा, दोरी, सगळं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला.

"चुकलं माझं," रेनो म्हणाला. "चष्मा आणायला गाडीपर्यंत गेलो असतो तर... मला भीती वाटते गं. तू रोज थोडी थोडी बंद पडत चालली आहेस, आणि मला कुठला स्क्रू पिळायचा ते कळत नाही."

हल्ली मार्लीनला विनोद पोचायला पाऊण मिनिट लागायचं. तो पोचला तेव्हा तिचे खांदे हलायला लागले, मग शाल गळून पडली, मग ती टेबलावर डोकं ठेवून हसली. "दोरी चांगली लांब आहे!" ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं रेनोचा हात थोपटला. तिची बोटं बर्फासारखी गार होती. "फोन लाव त्यांना. खरं काय ते सांगून टाकू."

"आणि त्यांनी सगळंच बंद केलं तर?"

"तर करू देत. मेझीच्या नावावर मी जगणार नाही. ती माझ्या नावावर जगतेय तेवढं पुरे."

कंपनीचा फोन लागला. एक दाबा, चार दाबा, थांबा. वाट पाहायचं संगीत सुरू झालं. विसाव्या मिनिटाला मार्लीन रिसीव्हर कानाला धरूनच झोपी गेली. रेनोनं तो हळूच काढून घेतला आणि पुढची अर्धी घटका स्वतः ते संगीत ऐकलं. अखेर एका बाईचा आवाज आला, "डॉक्टर कास्टेयानोस बोलतेय."

"डॉक्टरबाई, मी रेनो किनुनेन. ते मार्लीन किनुनेनच्या मंजुरीचं..."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मोजावाले?"

"माझं ऐकून घ्या. माझ्या बायकोनं मोजा खाल्लेला नाही. तिला कुणी बांधत नाही. पानं वाऱ्यानं उडाली आणि माझ्याकडून कुत्रीची तुमच्याकडे आली. यात तिचा काही दोष नाही, ऑर्विलचा नाही, लिंडालचाही नाही. गाढव मी आहे. मला काय करायचं ते करा, पण तिची पॉलिसी..."

"किनुनेन, थांबा जरा." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बाई हळू आवाजात बोलायला लागल्या. "मंजुरीवर सही केली तेव्हा मी रडत होते. तुमच्या घरी चौकशीला बाई पाठवायचा कागदही तयार केला होता. जेवायच्या सुट्टीत मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अगं, माझी बीगल कुत्रीही मोजे खाते. माझ्या हातातलं सँडविच तिथंच राहिलं. डॉ. लिंडाल कोण ते शोधलं, तर दवाखान्याच्या फोटोत घोडा."

"मग आता?"

"एका कुत्रीला माणसाचा इन्शुरन्स देऊन बसलेय मी. नोकरी माझी जायची वेळ आली. म्हणून काल तुमच्या बायकोची जुनी फाइल काढली, काहीतरी आधार सापडतो का ते बघायला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली." त्या थांबल्या. "अकराव्या पानावर ॲलर्जीचा रिपोर्ट आहे. गोळी घेतली, गांध्या उठल्या, श्वास लागला, सगळं तारखांसकट. तुम्ही तो तिन्ही वेळा पाठवला होता. आमच्याकडे दहाव्या पानापुढे कुणी गेलंच नव्हतं. मीसुद्धा."

तीन महिने रेनो ज्या एका वाक्याची वाट पाहत होता ते त्याला एका कुत्रीच्या मोज्यामुळे ऐकायला मिळत होतं.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "नवीन मंजुरी करतेय. मार्लीन किनुनेन, वय एकोणसाठ, तिचाच डोस, पिठाशिवाय, वर्षभरासाठी. अकराव्या पानाच्या आधारावर. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"काळजाची चव काढू ना?"

"काढा," रेनो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे भरून आले होते. "डॉक्टरबाई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले! चूक आमचीच. कालपासून मी तुमच्याच फोनची वाट बघत होते. आणि एक विनंती, ते दोरीचं मी विचारलं होतं हे कुणाला सांगू नका."

ऑर्विलनं त्याच संध्याकाळी कॅप्सूल भरून दिल्या, वर फुकटचं एक वाक्यही दिलं, "आता रोज घे म्हणावं, एक दिवसाआड नाही. घड्याळाला चावी रोज द्यावी लागते." मेझीच्या कंपनीचीही कागदपत्रं रेनोनं चष्मा लावून, दार बंद करून, वांडाला पायऱ्यांवर राखणीला बसवून पुन्हा पाठवली. त्या मुलीचं उत्तर एका रंगीत कार्डावर आलं. औषध मंजूर होतंच. खाली तिनं हातानं लिहिलं होतं, की मेझी बस चालवत नाही हे वाचून ऑफिसातल्या सगळ्यांना जरा वाईट वाटलं.

औषध काही जादू करत नाही. पहिल्या शनिवारी मार्लीन सौनात स्वेटर घालून आली. दुसऱ्या शनिवारी स्वेटर बाहेर राहिला, पण लोकरीचे मोजे होते. तिसऱ्या शनिवारी तिनं जेवताना रेनोला दोनदा झापलं, तेही न थांबता, आणि रेनो ते अंगाई ऐकावी तसा ऐकत बसला.

चौथ्या शनिवारी बाहेर गुडघाभर बर्फ होता. सोमवारपासून बसच्या किल्ल्या पुन्हा मार्लीनच्या हाती यायच्या होत्या, नाताळला अजून दहा दिवस होते. रेनोनं चूल पेटवली. मार्लीन येऊन वरच्या बाकावर बसली, केस पंच्यात गुंडाळून. रेनोनं दगडांवर डावभर पाणी टाकलं. चर्र झालं, वाफ वर चढली. त्यानं श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं आणि आणखी एक डाव टाकला.

"रेनो!" मार्लीन ओरडली. "जाळून मारतोस का मला? उकडतंय! दार उघड आधी!"

रेनोनं दार उघडलं. बर्फावरचं वारं आत शिरलं, दाराशी बसलेली मेझीही त्याच्याबरोबर आत शिरली आणि बाकाखालचा मार्लीनचा मोजा तोंडात धरून अंगणात पळाली.

"अरे, पकड तिला!" मार्लीन म्हणाली. "रडतोयस काय नुसता?"

"वाफ गेली डोळ्यांत," रेनो म्हणाला, आणि दार तसंच सताड उघडं ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसला.